वास लागलेला चहा

सोमवार, ४ सप्टेंबर

निवृत्त होताना कंपनीने मला दोन वस्तू दिल्या. एक, सिलोनच्या उंच डोंगरावरच्या चहाचा घट्ट झाकणाचा डबा. दुसरी, ही रोजनिशी. डब्याचं काय करायचं ते मला कळतं, रोजनिशीचं कळत नाही. चहाची चव घेऊन तो घ्यावा की सोडावा हे सांगण्यात माझी सगळी नोकरी गेली, आणि त्या नोकरीत मी जे काही लिहिलं ते एका ओळीचं. 'पातळ, तरतरीत, शेवटाला किंचित गवताळ.' किंवा, 'वाळवताना करपलाय, घेऊ नये.' याला आम्ही शेरा म्हणायचो. अख्खं पान भरेल एवढं बोलायची मला सवय नाही, हवं तर हिला विचारा.

डबा स्वयंपाकघरातल्या कपाटात सगळ्यात वर ठेवलाय. तसला चहा रोज उठून प्यायचा नसतो. काही कारण निघालं की उघडू.

आज सकाळी सवयीने लवकर उठलो, बिनवासाच्या साबणाने अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि दारापाशी जाऊन उभा राहिलो. जायचं कुठे? ही पेपर वाचत होती. म्हणाली, "बसा की. खुर्ची तुमचीच आहे." बसलो. थोड्या वेळाने जाहीर केलं की उद्यापासून सकाळचा चहा मी करणार. आयुष्यभर चहा पारखलेला माणूस घरात रिकामा बसलेला असताना तिने का करावा?

पेपरातून डोकं वर न काढता ती म्हणाली, "करा. पण पिताना तो आवाज नको."

तो आवाज म्हणजे कामाचा आवाज आहे. चमचाभर चहा एकदम जोरात ओढून घ्यायचा, म्हणजे तो जिभेवर पसरतो आणि त्याचा वास घशामागून नाकात चढतो. मग थुंकून टाकायचा. गिळायचा नाही. दिवसभरात शेकड्यांनी कप पुढ्यात येतात, सगळे गिळले तर माणसाला झोप म्हणून लागायची नाही. आम्ही पाचजण ओळीने असे ओढायला लागलो की नवीन शिपाई घाबरून दार उघडून बघायचे.


मंगळवार, ५ सप्टेंबर

पहिला चहा केला. सिलोनचा कोरा. दूध नाही, साखर नाही. पाणी ताजं भरलं, एकदाच उकळू दिलं, कारण परत परत उकळलेल्या पाण्यात जीव राहत नाही. पत्ती छोट्या तराजूत नाण्याने तोलली, ही आमची जुनी रीत. पाच मिनिटं झाकण. मग भिजलेली पत्ती झाकणावर उलटी करून तिचा रंग बघितला, नव्या तांब्याच्या भांड्यासारखा होता. वास घेतला, परत घेतला, आणि एवढं सगळं झाल्यावर हिच्यापुढे कप ठेवला.

"चांगला आहे," ती म्हणाली. "गार झालाय."

मी माझा घोट ओढला, बेसिनकडे गेलो आणि थुंकला.

मागून ती म्हणाली, "अहो, तो घरचा आहे. गिळला तरी चालतो."

यात हसण्यासारखं काय होतं कळलं नाही, पण ती बराच वेळ हसत होती.


शुक्रवार, ८ सप्टेंबर

घरात वास सुटलेत. हिने वासाचा साबण आणलाय, गुलाबी वडी आहे. काल लसूण परतला, तोही सकाळी सकाळी. दुपारी केसांना कसलंसं तेल लावलं. मी बाहेरून आलो तर दार उघडताच तिन्ही वास एकदम अंगावर आले.

आमच्या घरी हे कधी नव्हतं. चव घेणाऱ्याच्या घरात वास नको, हा नियम. कांदा-लसूण फक्त सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी. वासाचा साबण नाही, तेल नाही, कपड्यांत डांबराच्या गोळ्या नाहीत. मला पॅकिंगमधून चव घेण्याच्या खोलीत बढती मिळाली तेव्हा लग्नाला दोन-तीन महिनेच झाले होते. मी नियम सांगितले आणि हिने एका वाक्यात मान्य केले. "एवढंच ना?" म्हणाली. लग्नाआधी स्वतःच्या पहिल्या पगारातून घेतलेली अत्तराची एक कुपी होती तिच्याकडे, तीसुद्धा त्याच संध्याकाळी बूच लावून, फडक्यात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी गेली. पुढे कधी तक्रार नाही. बाकीच्यांच्या बायका या नियमांवरून घर डोक्यावर घ्यायच्या, आमच्याकडे सगळी शांतता. खोलीतले लोक माझा हेवा करायचे.

आता नोकरी नाही तर नियमही नाहीत, हे मला मान्य आहे. सवय व्हायला वेळ लागेल इतकंच.


रविवार, १० सप्टेंबर

खालचा दुकानदार वर आला होता. त्याला सगळे लगेचराव म्हणतात. काहीही मागा, "लगेच देतो" म्हणतो आणि आतल्या खोलीत जो गडप होतो तो होतोच. आज मात्र खरंच लगेच मुद्द्यावर आला. सिलोनच्या तीन चहांच्या पुड्या पुढे ठेवल्या आणि म्हणाला, "काका, मला यातला एकच ठेवायचाय. लोकांनी घरी रोज प्यावा असा. तुम्ही बोट ठेवाल तो. महिनाअखेरीस माल मागवतो."

मला किती बरं वाटलं ते इथे लिहून ठेवतो. त्याच्यासमोर "बघू, वेळ मिळाला तर" एवढंच म्हणालो. ही स्वयंपाकघरातून बघत होती, तिला अर्थातच सगळं कळलं.

एक चहा उंचावरचा आहे, फिका सोनेरी, नाजूक. एक मधल्या चढावरचा, लालसर, फार मऊ नाही, फार कडक नाही. तिसरा पायथ्याचा, काळाभोर आणि अंगाने जड.

थोरल्या साहेबांची आठवण झाली. मी त्यांच्या हाताखाली शिकलो. 'छान' हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नाही. एखादा फार भारी चहा लागला तर भुवई वर करून म्हणायचे, "हा पाहुण्यांचा." आणि क्वचित कधी एखादा साधाच चहा ओढून थुंकला की ते परत त्याच कपात चमचा बुडवायचे. आम्ही सगळे श्वास रोखून बघत राहायचो. "रोज चालेल," म्हणायचे. याच्या वरचा शेरा त्या खोलीत नव्हता. त्यांचं म्हणणं, भारी चहा आवडला की माणूस चार लोकांना सांगत सुटतो, रोजचा चहा आवडतोय हे त्याच्या लक्षातसुद्धा येत नाही, नुसता कप रिकामा होतो. मी तेव्हा नवा होतो, याचा अर्थ काय म्हणून विचारलं. म्हणाले, "लग्न झालंय ना तुझं? मग कळेल."

काय माणूस होता. खोलीत आले की आधी खिडक्या उघडायचे.


मंगळवार, १२ सप्टेंबर

आज तिन्ही नमुने घेऊन बसलो. काहीतरी बिनसलंय. उंचावरच्या आणि मधल्या चहाचा वास सारखाच वाटला. सारखाच म्हणजे सारखाच कमी. कप बदलले, पाणी बदललं. डोळे मिटून हिला एकेक कप पुढे करायला सांगितला, तर चक्क चुकलो. तिने नुसता कप बदलून परत पुढे केला. परत चुकलो.

सर्दी नाही. दुपारभर विचार केला तेव्हा कारण सापडलं. साबण! घरभर तो गुलाबी वास पसरलेला असताना नाक काम करणार कसं? हिला सांगितलं की महिनाअखेरपर्यंत जुने नियम परत चालू. फक्त महिनाअखेर.

ती भाजी निवडत होती. "नवाच आहे हो तो," म्हणाली. मग उठली, वडी कोरडी पुसली, कागदात गुंडाळली आणि कपाटात ठेवून दिली. "बरं," म्हणाली.

'एवढंच ना?' असं या वेळी म्हणाली नाही. पण मनात तेच असणार.


बुधवार, १३ सप्टेंबर

संध्याकाळी ही ट्रंक उघडून बसली होती. मग ती कुपी घेऊन माझ्यासमोर आली. तीच, बोटाएवढी, काचेच्या बुचाची. अत्तर सुकून तळाशी तपकिरी डाग तेवढा राहिला होता.

"बघा ना जरा," म्हणाली. "यात वास राहिलाय का? मला वाटतं राहिलाय, पण मला वाटून काय उपयोग. नाक तुमचं."

मी रीतसर बघितलं. बूच काढलं, आधी लांबून, मग जवळून. एक नाकपुडी, मग दुसरी. तळहातावर उलटी करून चोळली. काच, धूळ आणि जुनं फडकं, बाकी काही नाही. जे खरं ते मी सांगितलं. "उडून गेलंय सगळं. नुसती काच आहे."

"काहीच नाही?"

"मी शेरा देतो तो अंदाजपंचे देत नाही."

तिने बूच लावलं. मग विचारलं, "म्हणजे आता ही कुठेही ठेवली तरी चालेल ना?"

"चालेल की. कुठेही ठेव."

एवढ्याशा बाटलीसाठी तोंड पाडण्यासारखं काय होतं? तिने विचारलं, मी सांगितलं. खोटं सांगायला हवं होतं का? वासाच्या बाबतीत मी थोरल्या साहेबांशीसुद्धा कधी गोड बोललो नाही.


शुक्रवार, १५ सप्टेंबर

ही ताईकडे गेली, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीकडे. ताईचा गुडघा दुखतोय, हाताशी माणूस हवं म्हणे. मी बसपर्यंत सोडायला गेलो. बॅग नेहमीपेक्षा जड होती. किती दिवस राहणार विचारलं तर म्हणाली, "बघू. तुम्हालाही घर मोकळं. वास नाही, काही नाही. तुमचा चहा ठरला की कळवा."

"ठरला की लगेच ये," मी म्हणालो.

खिडकीतून वाकून म्हणाली, "ताईची मागची खोली रिकामीच असते. मला बरं वाटतं तिथे." तेवढ्यात बस सुटली. हात केला, तिनेही केला.

गुडघ्याला इतके दिवस लागतात?


रविवार, १७ सप्टेंबर

घर आता नाकासाठी उत्तम झालंय. भांड्यांनासुद्धा वास नाही. आणि तरीही ते दोन कप सारखेच लागतात. साबण कागदात, लसूण टोपलीत, सगळ्या खिडक्या उघड्या, तरी सारखेच. हे मी इथे लिहितोय, दुसरीकडे कुठे बोलणार नाही.

सकाळी सवयीने दोघांचा चहा काढला. मग तिचा कप तसाच समोर गार होत राहिला. तो ओतून देताना उगाच जिवावर आलं.

लग्नानंतरची ती खोली आठवली. एकच खोली, एकच खिडकी, कोपऱ्यात स्टोव्ह. मी पॅकिंगमध्ये होतो. नमुन्यांच्या डब्यांत तळाला राहिलेली पत्ती पुडी बांधून घरी न्यायला परवानगी असायची. सिलोनच्या सगळ्या डोंगरांची एकाच पुडीत सरमिसळ. ही ती पत्ती चिमटीने घ्यायची, पातेल्यात टाकायची, मनाला येईल तेवढी उकळायची. मोजमाप कसलं म्हणून नाही. आमच्याकडे दोन कप होते, त्यातला कान तुटलेला मी घ्यायचो. कामावरून आलो की खिडकीत पाय वर घेऊन बसायचो आणि खालची वर्दळ बघत प्यायचो. गिळायचो अर्थातच, थुंकायची विद्या तेव्हा कुठे शिकलो होतो.

त्या चहाचा शेरा मला आजही देता येणार नाही. काहीतरी होतं त्यात, मागून यायचं, घोट गेल्यावर. पुढे हजारो कप ओढले, पण ते कुठल्याच डोंगराच्या चहात मला परत सापडलं नाही. सरमिसळीत कधी कधी असा योग जुळून येतो, दुसरं काय.


बुधवार, २० सप्टेंबर

फोन केला. ताईनेच उचलला. मी विचारलं, "गुडघा कसा आहे?"

"कुणाचा गुडघा?" ताई म्हणाली. मग मागे काहीतरी कुजबुज झाली आणि म्हणाली, "हां हां, माझा! दुखतोय हो फार."

ताईला हल्ली विसरायला होतं. वय झालं.

मग ही आली. "ठरला का चहा?"

"ठरतोय."

"जेवता ना वेळेवर?"

जेवतो म्हणालो. मागे कुणीतरी काहीतरी परतत होतं, चर्र आवाज ऐकू आला. "लसूण आहे," ती म्हणाली. "तिथपर्यंत नाही ना येत वास?" आणि हसली, पण ते तिचं नेहमीचं हसणं नव्हतं. मागची खोली तिने आवरून घेतलीय म्हणे. पडदेही लावलेत. दोन-चार दिवसांसाठी आलेलं माणूस पडदे लावतं का?

मला ती परत यायला हवी आहे. इथे लिहून ते कुणापर्यंत पोचत नाही, ठाऊक आहे. तरी लिहिलं.


शनिवार, २३ सप्टेंबर

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहितो.

दुपारी लगेचराव निकाल मागायला आला. माझ्याकडे निकाल नव्हता. वेळ मारून न्यायला म्हणालो, आधी खरा चहा म्हणजे काय ते तुला दाखवतो, मग रोजच्या चहाचं बोलू. स्टूल घेतलं, निरोपाचा डबा खाली काढला. पाणी उकळेपर्यंत भाषणही ठोकलं, की हा बघ पाहुण्यांचा चहा, याच्या पत्तीला नुसता डोंगरातल्या गार हवेचा वास असतो, दुसरं काही म्हणजे काही नाही. पत्ती तोलली, पाणी ओतलं, वेळ झाल्यावर झाकण काढलं.

वाफ तोंडावर आली आणि मी चरकलो. वास लागला होता. चहाची पत्ती फार भोळी, शेजारी ठेवाल त्याचा वास ओढून घेते. साबणाशेजारी साबणाचा, मसाल्याशेजारी मसाल्याचा. आमच्याकडे 'वास लागलेला' या शेऱ्यापुढे चर्चा नसायची, अख्खी पेटी परत जायची. आणि हा माझा निरोपाचा डबा! अंगाचा नुसता तिळपापड झाला.

लगेचरावाने मात्र कप उचलला, भुरका मारला आणि डोळे मिटले. "वा काका! काय वास आहे! हाच ठेवतो दुकानात, किती मिळेल बोला!"

"लगेच सांगतो," म्हणालो आणि त्याला घालवून दिला.

मग डबा परातीत उपडा केला. शेवटच्या पत्तीबरोबर ती कुपी टक् करून परातीत पडली. बूच सैल होतं.

कुपी नाकाला लावली. आत्ताही नुसती काच. मला जे सापडलं नव्हतं ते पत्तीला सापडलं होतं. कोमट झालेला कप उचलला आणि घोट ओढला. आधी चहा आला. मग मागून, घशामागून, गुलाब, आणि त्याच्याही मागे ओल्या लाकडासारखं काहीतरी. थुंकायला उठलो, पण बेसिनपाशी पोचेपर्यंत घोट पोटात गेला होता.

ती खिडकी. ती खोली. स्टोव्हचा आवाज. ही मला कान तुटलेला कप देतेय आणि देताना तिचं मनगट माझ्या नाकाजवळून जातंय. ते पुडीतल्या पत्तीत कधीच नव्हतं. ते तिच्या हाताला होतं, आणि मी ते सिलोनच्या डोंगरांत शोधत बसलो होतो.

परातीसमोर जमिनीवर बसून रडलो. मग पत्ती परत डब्यात भरली. एक कणही वाया जाऊ दिला नाही, कुपीही आत ठेवली.


रविवार, २४ सप्टेंबर

सकाळी फोन लावला. या वेळी हिनेच उचलला.

"ठरला चहा?"

"नाही. मी एक शेरा चुकीचा दिला होता, तो दुरुस्त करायला फोन केलाय."

"कसला शेरा?"

"त्या कुपीचा. वास आहे तिला."

मग म्हणाली, "किती आहे?"

"डबाभर आहे."

मग एकदम म्हणाली, "तो डबा तुम्ही उघडलात?"

"उघडला."

"कुठेही ठेवली तरी चालेल, असं तुम्हीच म्हणाला होतात."

"म्हणालो होतो."

"रागावला असाल."

"काल थोडा वेळ."

"टाकून दिलात मग सगळा?"

"आत्ता सकाळी त्याचाच केला. संध्याकाळी परत करणार आहे."

"आणि बेसिन?"

"कोरडं आहे," मी सांगितलं.

ती हसली की नाक पुसलं, फोनवर कळलं नाही. मग जे सांगायला मला फार जड जात होतं तेही सांगून टाकलं. म्हणालो, साबणाचा काही दोष नव्हता. माझं नाकच म्हातारं झालंय.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "मागच्या थंडीत दूध करपलं. धूर खोलीत आला तरी तुम्ही शेजारी बसून पेपर वाचत होतात."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही शेरा मागितला नव्हता."

येते असं ती म्हणाली नाही. ये असं मीही म्हणालो नाही. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की एवढा फोन केला, आणि मुद्द्याचं तेवढं राहून गेलं.


बुधवार, २७ सप्टेंबर

साबणाची वडी कागदातून काढून बेसिनवर ठेवली. त्या साबणाने हात धुतले. हाताला दिवसभर वास येत राहिला, मला तो आला की ही घरातच आहे असं वाटायचं.

मग लसूण परतला. पहिला करपला, तेवढा मात्र कळला. दुसरा जमला. त्या वासात बसून लगेचरावाचे तिन्ही चहा केले, तराजू न काढता, चिमटीने. आमच्या खोलीत हे कुणी बघितलं असतं तर मला हाकलून दिलं असतं. पण लोक चहा पितात ते आमच्या खोलीत बसून थोडेच पितात? घरी पितात, चुलीशेजारी, ओल्या हातांनी. उंचावरचा चहा लसणापुढे टिकलाच नाही, पाहुणा तो, घरातला गोंधळ बघून निघून गेला. पायथ्याचा अर्ध्या कपातच जड झाला. मधला ओतून घेतला आणि पेपर चाळत बसलो. जरा वेळाने कप उचलला तर रिकामा. कधी संपला ते आठवेना.

लगेचरावाला खाली जाऊन सांगितलं, मधला ठेव. "आणि तो परवाचा वासाचा?" म्हणाला. म्हटलं, तो विकायचा नाही.

संध्याकाळी फोन केला. "चहा ठरला," म्हणालो. "पण तो ठरला म्हणून येऊ नकोस. मला करमत नाही, म्हणून ये."

मागून ताईचा आवाज आला, "काय म्हणतायत?" ही तिला म्हणाली, "गुडघा बरा झाला का विचारतायत."

मग मला विचारलं, "शनिवारची सकाळची बस अजून आहे ना हो?"


शनिवार, ३० सप्टेंबर

आली. बॅग माझ्या हातात देऊन आधी स्वयंपाकघरात गेली. बेसिनवरची वडी बघितली, ती ओली होती. हात धुतले तिने त्याच साबणाने. करपलेल्या कढईवर बोट फिरवून म्हणाली, "ही कुणी केली अशी?" मी म्हणालो, प्रयोग चालू होते.

मग निरोपाचा डबा उघडून तिने आत नाक घातलं आणि तशीच उभी राहिली. मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत बसलो.

"कमी होत चाललाय वास," थोड्या वेळाने मी म्हणालो. "रोज जरा जरा उडतोय. झाकण घट्ट लावून ठेवू का? फक्त कधीमधी काढत जाऊ."

"काही नको. रोज काढा."

"संपेल ना."

"संपू दे की. नवी कुपी घेईन मी. माझी मी निवडीन, तुम्हाला वास बघायला लावणार नाही."

चहा तिनेच केला. पातेल्यात, चिमटीने, मनाला येईल तेवढा उकळून. मी तराजूकडे बघितलंसुद्धा नाही. कप द्यायला वाकली तेव्हा तिचं मनगट नाकाजवळून गेलं. साबणाचा वास होता, बसचा होता, आणि ताईकडच्या लसणाचाही होता. एवढे तिन्ही मला वेगवेगळे कळले. खुर्च्या खिडकीपाशी ओढल्या. तिने पाय वर घेतले आणि ताईच्या पडद्यांची हकीकत सांगायला लागली, की ते कसे आखूड झाले आणि ताई दुकानदाराशी कशी भांडली. मी ऐकत होतो.

"आज आवाज नाही केलात," ती मधेच म्हणाली.

कपात बघितलं तर तळाला दोन पानं होती फक्त.

"मग? शेरा काय?"

उठलो आणि ही रोजनिशी घेऊन आलो. ती शेजारी वाकून बघतेय, तिच्यासमोरच लिहितो.

वास लागलेला. रोज चालेल.